रात्रीचा दिवा

साखर पेठेत, विणकर सोसायटीच्या हॉलमध्ये
दोन महिने तालीम चालली.
भिंतीपलीकडे बारा माग. खटाक् खटाक्.
नाटक जुनं, नावाजलेलं, मनोरुग्णालयातलं.
माणसं सोळा, खाटा सहा,
आणि मी प्रॉम्प्टर.

गाजूलसर पहिल्याच दिवशी म्हणाले,
वेड्यासारखं कुणी करायचं नाही.
मग तासभर
कुणालाच काही करता येईना.

पेशंटचे कपडे अशोक चौकातून आले,
रिजेक्ट टॉवेलचा तागा, काठाला वीण चुकलेला.
एप्रिलची दुपार, पंखा एक, अंगात ते टॉवेल.
नरहरी चिप्पानं काठावरून बोट फिरवलं.
"ही चूक माझ्या मागावरचीच की ओ,
मालकानं चारशे कापले होते."
तोच अंगरखा त्यानं मागून घेतला.

माझं काम कुजबुजायचं.
कुणी अडलं की विंगेतून पुढचा शब्द सोडायचा,
त्याला कळावा, पहिल्या रांगेला कळू नये असा.
नरहरी म्हणाला, "पेशंटच्या कानात कोण बोलतंय म्हणतेत,
ते तूच बे."
सगळे हसले. मीही हसलो.
रात्री घरी पाण्याची पाळी होती. घागरी भरताना
ओठ हलतायत माझे, हे बायकोनं दाखवलं.

तिसऱ्या अंकात रात्र होते.
निळा दिवा, खिडकीच्या गजांची सावली,
मेट्रन सुमित्रा म्याकल चाव्या वाजवत जाते.
सरांना हा प्रवेश फार आवडायचा.
दिवा निळा झाला की मागसुद्धा
जरा लांब गेल्यासारखे वाटायचे.

हॉलचा वॉचमन मलकप्पा.
रोज दाराशी स्टुलावर, मांडीवर डबा,
आम्ही कधी जातो याची वाट बघत.
त्या दिवशी भाकरीचा तुकडा हातातच ठेवून म्हणाला,
"तिथं रात्री दिवा घालवत नाहीत.
निळंबिळं काय नसतंय.
पांढराच. रातभर. डोळ्यावर.
तोंडावर चादर घ्यायची नाही, उठवतेत."

आणि तुकडा चटणीला लावून खाल्ला.

तुम्हाला कसं माहीत, असं
कुणीही विचारलं नाही.
सोळा माणसं, एकही नाही.
मीही पानं चाळत राहिलो. त्यात
या वाक्यापुढचं वाक्य नव्हतं.
सर बऱ्याच वेळानं म्हणाले,
उद्यापासून निळा कागद काढा.

स्पर्धेच्या दिवशी तिसऱ्या अंकात रात्र झाली
आणि दिवे तसेच राहिले.
लोकांना वाटलं, पोरगं बटणावर झोपलं.
मागून शिट्टी आली. कुणी ओरडलं, "ए लाइट!"
खाटांवर सहा जण, उघड्या तोंडानं, झोपेचं सोंग घेऊन,
आणि झोप येणार नाही इतका उजेड.
मग शिट्टी थांबली.
खुर्च्यांची करकर थांबली.
नरहरीचं वाक्य होतं. तो बोलला नाही.
मी सोडलं. पुन्हा सोडलं.
त्याला ऐकू गेलं होतं, मला दिसत होतं.
तो काठावरची चुकलेली वीण
बोटानं मोजत होता, एकेक धागा,
आणि तो पांढरा दिवा.
मी वही मिटली.

निकाल लागला. अभिनयाला उत्तेजनार्थ.
परीक्षकांनी शेरा लिहिला:
प्रकाशयोजनेत रात्रीचा आभास नाही.

मलकप्पा प्रयोगाला आला होता की नाही, माहीत नाही.
पास दिला होता. पाहिलं कुणी नाही.
सामान परत टाकायला गेलो तर स्टुलावर होता.
खाटा मोजून घेतल्या, चाव्या घेतल्या,
हॉलमधले दिवे एकेक करून घालवले त्यानं,
शेवटच्या बटणावर बोट ठेवून थांबला.
"घालवू?" म्हणाला.

माग चालूच होते.
आम्ही सगळे दारात, हातात टॉवेलची गाठोडी,
आणि सांगायला
कुणाच्याही कानात कुणी नव्हतं.